मालाचा साठा कसा सांभाळायचा, हिशोब कसा ठेवायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साठ्यात नेमकं काय काय धरायचं?

विकण्यासाठी किंवा विकायची वस्तू बनवण्यासाठी जे जे ठेवलं आहे ते सगळं. कारखान्यात त्याचे तीन थर असतात: कच्चा माल, अर्धवट तयार माल आणि तयार माल. व्यापाऱ्याकडे फक्त शेवटचा थर असतो. शिवाय पॅकिंगचं साहित्य, यंत्रांचे सुटे भाग, वंगण असा किरकोळ माल असतोच. तो ताळेबंदात कुठे दाखवायचा ते हिशेबनीस ठरवेल, पण त्याची मोजणी आणि नोंद बाकीच्या मालासारखीच ठेवा. चिकटपट्टीचं एक रीळ संपलं म्हणून तयार माल दिवसभर अडून राहतो, तेव्हा ते रीळ किरकोळ नव्हतं हे कळतं.

दोन गोष्टी हमखास सुटतात. पहिली, आपल्या मालकीचा पण दुसऱ्याच्या ताब्यात असलेला माल: वाटेत असलेला, बाहेर कामाला दिलेला, किंवा विकला नाही तर परत घ्यायच्या बोलीवर विक्रेत्याकडे ठेवलेला. दुसरी याच्या उलट: आपल्या गोदामात आहे, पण मालकी दुसऱ्याची. ताबा आणि मालकी हे दोन वेगळे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर वेगळे करायला बसलात तर महिने जातात.

विक्री चांगली चालली आहे. मग एवढ्या नोंदींची गरज खरंच आहे का?

आहे. नफा कागदावर दिसतो आणि बँकेत पैसे नसतात, अशी तक्रार ऐकली की मी आधी गोदाम पाहायला सांगतो. पैसा बहुतेक वेळा तिथेच रॅकवर बसलेला असतो. पडून असलेल्या मालावर भांडवलाचं व्याज चढतं, तो जागा अडवतो, त्याचा विमा भरावा लागतो, तो खराब होतो, जुना होतो.

माल कमी ठेवला तर गिऱ्हाईक रिकाम्या हाती परत जातं आणि यंत्र थांबतं. त्याहून त्रासदायक म्हणजे, नोंद नीट नसलेल्या ठिकाणी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात. जे रोज लागतं ते संपलेलं, आणि जे कुणी मागत नाही ते छतापर्यंत रचलेलं. एकूण साठ्याची रक्कम पाहून हे कधीच कळत नाही. वस्तूनिहाय नोंद लागते.

नोंदवहीत ४० नग आहेत, रॅकवर ३४. हा फरक येतो कुठून?

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे, कारण पुढची सगळी सूत्रं, सगळी सॉफ्टवेअर्स या आकड्यावर उभी आहेत. आणि हा फरक फार सर्रास असतो. निकोल डीहोरेशियस आणि अनंत रामन या संशोधकांनी एका मोठ्या किरकोळ विक्री कंपनीच्या ३७ दुकानांमधल्या सुमारे ३,७०,००० नोंदी तपासल्या. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ६५ टक्के नोंदी प्रत्यक्ष मालाशी जुळत नव्हत्या. ही संगणकावर चालणारी, शिस्तीची कंपनी होती.

फरक आला की पहिला संशय चोरीवर जातो. माझा आग्रह आहे की तो सगळ्यात शेवटी जावा. चोरी होते, पण तिच्याआधी पुढच्या जागा तपासा.

आवक. चलनावर, म्हणजे मालासोबत येणाऱ्या कागदावर, १०० लिहिलेत म्हणून १०० जमा केले, खोकी उघडून मोजलीच नाहीत. पुरवठादाराची चूक तिथेच आपली झाली.

एकक. खरेदी पेटीत, विक्री नगात. पुरवठादाराने १२ नगांच्या पेटीऐवजी १० नगांची पेटी सुरू केली आणि आपल्या नोंदीत पेटी म्हणजे अजूनही १२. मग दर पेटीमागे २ नग हवेत विरतात. पाच रॅक शोधूनही ते सापडणार नाहीत, कारण ते कधी आलेच नव्हते.

सारख्या दिसणाऱ्या वस्तू. गिऱ्हाईकाने एकाच वस्तूचे तीन वेगळे रंग घेतले आणि काउंटरवरच्याने एकच नग तीनदा स्कॅन केला. पैसे बरोबर आले, म्हणून कुणाला काही कळलं नाही. पण एका रंगाचे दोन नग नोंदीत कमी झाले आणि बाकी दोन रंगांचा एकेक नग जास्त राहिला. मोजणीत एक वस्तू वाढलेली आणि तिची बहीण घटलेली दिसली, तर कारण बहुधा हेच असतं.

परत आलेला माल. गिऱ्हाईकाने परत केलेला नग रॅकवर गेला, नोंदीत गेला नाही. किंवा नोंदीत गेला, पण तो फुटलेला असल्याने विकण्याजोगा नाही.

विक्रीशिवाय बाहेर गेलेला माल. नमुना म्हणून दिलेला, हाताळताना फुटलेला, आपल्याच कामाला वापरलेला, चाचणीत खर्ची पडलेला. याला बिल नसतं, म्हणून नोंदही नसते.

जागा चुकलेला माल. नग आहेत, पण भलत्याच रॅकवर. शोधणाऱ्याच्या दृष्टीने ते नाहीतच.

आणि उशीर. माल सकाळी गेला, नोंद संध्याकाळी झाली, मोजणी दुपारी. इथे कुणाचं काहीच चुकलेलं नाही, तरी फरक दिसतो.

या सगळ्यांत घातक प्रकार म्हणजे भासमान साठा. नोंद म्हणते ६ आहेत, रॅकवर एकही नाही. नोंदीत शिल्लक दिसते म्हणून नवी ऑर्डर निघत नाही. माल नाही म्हणून विक्री होत नाही. विक्री नाही म्हणून आकडा ६ वरून हलत नाही. ही गाठ आपोआप कधीच सुटत नाही. एक उपाय सोपा आहे: ज्या वस्तू एरवी रोज खपतात आणि आता बरेच दिवस एकही नग गेलेला नाही, अशांची यादी दर आठवड्याला काढा आणि रॅकपाशी जाऊन पाहा.

वर्षातून एकदा सगळी मोजणी करतो. तेवढं पुरत नाही का?

ताळेबंदापुरतं पुरतं. रोजच्या कामासाठी नाही. वार्षिक मोजणीत फेब्रुवारीतला फरक पुढच्या वर्षी सापडतो. तोवर चलन फाइलच्या ढिगात गेलेलं असतं, त्या दिवशी माल उतरवून घेणारा माणूस दुसऱ्या कामावर असतो, आणि हातात उरतं ते फक्त आकडा दुरुस्त करणं. कारण तसंच राहतं आणि पुढच्या वर्षी पुन्हा तोच फरक.

म्हणून फिरती मोजणी करा. रोज थोड्या वस्तू मोजायच्या, असं करत करत वर्षभरात सगळं गोदाम एकदा आणि महत्त्वाच्या वस्तू अनेकदा मोजून होतात. समजा २,००० वस्तू आहेत. त्यातल्या २०० वर्षातून १२ वेळा, ६०० चार वेळा आणि उरलेल्या १,२०० एकदा मोजायच्या ठरवल्या तर वर्षाच्या ६,००० मोजण्या होतात. कामाचे ३०० दिवस धरले तर दिवसाला २०. सकाळी तासाभराचं काम. फरक ताजा असताना सापडतो, आणि ताज्या फरकाचं कारणही सापडतं.

मोजणी करताना मोजणाऱ्याला नोंदीतला आकडा दाखवू नका. ४० लिहिलेलं दिसलं की ३८ मोजणाराही आपलंच चुकलं असेल म्हणून ४० लिहितो. यात अप्रामाणिकपणा नाही, डोळे आणि मन तसंच वागतात. मोजणीपुरती त्या रॅकची आवक-जावक थांबवा. फरक आला तर दुसऱ्या माणसाकडून पुन्हा मोजून घ्या, आणि मगच नोंद बदला. बदलताना कारण लिहायचंच. कारणाचा रकाना सक्तीचा ठेवा. तीन महिन्यांनी तोच रकाना तुम्हाला सर्वात जास्त शिकवेल.

लेखापरीक्षक गोदामात येऊन उभे का राहतात? कागदपत्रं पुरत नाहीत का?

कारण कागद खरे दिसले तरी माल असतोच असं नाही. १९३८ साली अमेरिकेत मॅकेसन अँड रॉबिन्स या औषध कंपनीच्या ताळेबंदात दाखवलेला सुमारे एक कोटी डॉलरचा साठा अस्तित्वातच नव्हता हे उघडकीला आलं. त्या काळी लेखापरीक्षकांनी साठा प्रत्यक्ष पाहण्याची सक्ती नव्हती. या प्रकरणानंतर मोजणीला हजर राहणं ही त्यांच्या कामाची नेहमीची रीत झाली.

नुसतं पाहणंही पुरत नाही. अमेरिकेतल्या १९६३ मधल्या सॅलड ऑइल (खाद्यतेल) घोटाळ्यात टाक्यांमध्ये बहुतांश पाणी होतं आणि वर तेलाचा थर. तेल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला टाकी तेलाने भरलेली वाटायची. त्या तेलाच्या पावत्यांवर मोठमोठी कर्जं उचललेली होती. टाकीतला, पिंपातला, बंद खोक्यातला माल मोजायचा असेल तर तळाचाही नमुना घ्या, खोकं उघडा, वजन करा.

सगळ्याच वस्तूंवर सारखं लक्ष द्यायचं का?

नको, आणि तेवढी माणसंही नसतात. १९५१ साली जनरल इलेक्ट्रिकच्या एच. फोर्ड डिकी यांनी वस्तूंचे अ, ब, क असे तीन गट पाडायची पद्धत मांडली. प्रत्येक वस्तूचा वर्षाचा खप गुणिले तिची खरेदी किंमत काढा, मोठ्याकडून लहानाकडे उतरत्या क्रमाने मांडा. बहुतेक ठिकाणी वरच्या पाचव्या हिश्शातल्या वस्तूंमध्ये एकूण रकमेचा फार मोठा भाग सापडतो. तो अ गट. त्यांची मोजणी वारंवार, ऑर्डर नीट विचार करून. क गटातल्या स्क्रू-वॉशरसारख्या वस्तू भरपूर ठेवा आणि त्यांच्यामागे वेळ घालवू नका.

पण या वर्गवारीला एक मोठी मर्यादा आहे. ती फक्त पैसा पाहते. एखादा स्वस्त सील नसल्याने अख्खं यंत्र बंद पडत असेल तर तो क गटात असून चालणार नाही. म्हणून रुग्णालयं आणि देखभाल विभाग दुसरी चाळणीही लावतात: जिच्यावाचून काम थांबतं ती वस्तू, जिच्यावाचून अडचण होते ती, आणि जिच्यावाचून चालतं ती. दोन्ही चाळण्या एकत्र लावल्या तरच यादी भरवशाची होते.

नवी ऑर्डर कधी टाकायची?

माल संपल्यावर नव्हे, हे सगळ्यांना माहीत असतं. तरी बहुतेक जण ‘कमी वाटला की’ ऑर्डर टाकतात. त्यासाठी एक ठरलेली पातळी हवी. ऑर्डर टाकल्यापासून माल रॅकवर लागेपर्यंत जितका खप होईल, अधिक थोडा राखीव साठा.

रोज सरासरी १० नग खपतात आणि माल यायला ९ दिवस लागतात, तर या काळात ९० नग जातील. राखीव २० धरले तर ११० ही पातळी झाली. शिल्लक तिथे आली की ऑर्डर.

इथे ‘शिल्लक’ म्हणजे रॅकवरचा माल, अधिक मागवलेला पण न आलेला माल, वजा गिऱ्हाईकांना कबूल केलेला माल. फक्त रॅक पाहिला तर कालच टाकलेली ऑर्डर आज पुन्हा टाकली जाते. दुप्पट माल येण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

राखीव साठा किती ठेवावा? आम्ही अंदाजाने महिनाभराचा ठेवतो.

सगळ्याच वस्तूंना सरसकट एक महिना लावला तर काही वस्तूंना तो अति होतो आणि काहींना अपुरा. राखीव साठा सरासरी खपावर ठरत नाही, खप किती हेलकावे खातो त्यावर ठरतो.

वरचंच उदाहरण घेऊ. रोजचा खप सरासरी १०, आणि त्यातला चढउतार, म्हणजे प्रमाण विचलन, ४. नऊ दिवसांचा चढउतार ४ गुणिले ९ चं वर्गमूळ, म्हणजे १२. दर १०० खेपांपैकी ९५ खेपांत माल कमी पडू नये असं वाटत असेल तर याला १.६५ ने गुणा (हे गुणक संख्याशास्त्राच्या तक्त्यातून येतात): साधारण २० नग. ९९ खेपांसाठी २.३३ ने: २८ नग. ९९.९ टक्क्यांसाठी ३.०९ ने: ३७. शेवटच्या एका टक्क्याच्या जवळपास हमीसाठी ९ नग जास्त ठेवावे लागतात. म्हणून ‘कधीच कमी पडता कामा नये’ हे वाक्य उच्चारण्याआधी ती वस्तू त्या योग्यतेची आहे का ते बघा.

आता खरी मेख. पुरवठादार कधी ७ दिवसांत माल देतो, कधी ११ दिवसांत. हा चढउतार २ दिवसांचा धरला तर रोजच्या १० नगांप्रमाणे तो २० नगांचा होतो. १२ आणि २० यांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ काढलं तर एकत्रित आकडा १२ वरून २३ च्या पुढे जातो, आणि ९५ टक्क्यांसाठीचा राखीव साठा २० वरून ३८ वर. खप तोच, गिऱ्हाईक तेच. पुरवठादार वेळ पाळत नाही म्हणून जवळजवळ दुप्पट माल पडून ठेवावा लागतो. दर थोडा कमी लावणारा पण बेभरवशाचा पुरवठादार खरंच स्वस्त पडतो का, याचं उत्तर या आकड्यात असतं. प्रत्येक ऑर्डरची तारीख आणि माल आल्याची तारीख लिहून ठेवा, एवढीच विनंती. ही दोन तारखांची नोंद फार थोडे लोक ठेवतात.

एका वेळी किती माल मागवावा?

या प्रश्नाला १९१३ पासून एक सूत्र आहे. फोर्ड व्हिटमन हॅरिस यांनी ते मांडलं. थोडा थोडा मागवला तर ऑर्डरी वाढतात आणि प्रत्येक ऑर्डरचा खर्च असतो: कागदपत्रं, वाहतूक, उतरवणं, तपासणं. एकदम मागवला तर साठवणीचा खर्च वाढतो. या दोन खर्चांची बेरीज जिथे सगळ्यात कमी, तो आकडा घ्यायचा. वर्षाचा खप गुणिले एका ऑर्डरचा खर्च गुणिले २, भागिले एक नग वर्षभर ठेवण्याचा खर्च, आणि त्याचं वर्गमूळ.

खप ३,६००, ऑर्डरचा खर्च २००, नग ठेवण्याचा खर्च १६ धरला (चलन कोणतंही), तर उत्तर ३०० नग, वर्षात १२ ऑर्डरी, दोन्ही खर्च मिळून ४,८००.

सूत्रापेक्षा त्यातली पुढची गोष्ट मला जास्त उपयोगाची वाटते. ३०० ऐवजी ४५० मागवले तर खर्च ५,२०० होतो, म्हणजे फक्त ८ टक्क्यांच्या आसपास वाढ. ६०० मागवले तर ६,०००, २५ टक्के वाढ. उत्तराच्या आसपास बरीच मोकळीक आहे. तेव्हा पुरवठादाराची पेटी, गाडीची क्षमता, रॅकची जागा पाहून आकडा थोडा वरखाली करायला हरकत नाही. दशांशापर्यंत गणित करत बसू नका. आणि घाऊक सवलतीच्या मोहात वर्षाचा माल एकदम घेण्याआधी त्यावर वर्षभर चढणारा साठवणीचा खर्च सवलतीतून वजा करून पाहा.

साठाच ठेवू नये, लागेल तेव्हा माल यावा, हे जमतं का?

जमतं, पण त्यासाठी बाकी सगळं घट्ट बसलेलं असावं लागतं. टोयोटात ताईची ओनो यांनी ही पद्धत घडवली. अमेरिकन सुपरमार्केटमध्ये जेवढं गिऱ्हाईक उचलतं तेवढंच पुन्हा मांडलं जातं, ही कल्पना त्यांनी कारखान्यात आणली. पुढच्या टप्प्याने भाग उचलला की त्याचं कार्ड मागे जातं आणि मागचा टप्पा तेवढाच भाग बनवतो. हेच कानबान. साठा कमी झाला की बिघाड, दोष, उशीर हे सगळं उघडं पडतं, लपायला ढीग उरत नाही. ही पद्धतीची मोठी ताकद आहे.

धोकाही तिथेच आहे. १ फेब्रुवारी १९९७ रोजी आयसिन या पुरवठादाराच्या कारिया इथल्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह जवळजवळ पूर्णपणे तिथूनच यायचा आणि टोयोटाकडे त्याचा साठा काही तासांचाच होता. टोयोटाचे जपानमधले बहुतेक कारखाने काही दिवस थांबले. इतर पुरवठादारांनी धावपळ करून तो भाग बनवायला घेतला म्हणून काम लवकर सुरू झालं. पुढे २०११ च्या भूकंपानंतर टोयोटानेच पुरवठादारांना सेमीकंडक्टर चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवायला सांगितलं. जो भाग एकाच ठिकाणाहून येतो आणि ज्याला पर्याय नाही, त्याचा साठा ठेवावा, बाकीच्यांचा कमी करत जावा. माझंही मत हेच.

गिऱ्हाईकांचा खप स्थिर आहे, तरी आमच्याकडे येणाऱ्या ऑर्डरी एवढ्या वरखाली का होतात?

साखळीत जितके मागे जाल तितका हेलकावा वाढतो. अमेरिकन संशोधक जे फॉरेस्टर यांनी १९६१ मध्ये हे दाखवून दिलं. प्रॉक्टर अँड गॅम्बलला डायपरच्या बाबतीत हाच अनुभव आला: बाळांची गरज रोज सारखीच, पण वितरकांच्या ऑर्डरी उसळत होत्या. प्रत्येक टप्पा आपला राखीव साठा जोडतो, ऑर्डरी साठवून एकदम टाकतो, सवलत असली की जास्त उचलतो, टंचाईची कुणकुण लागली की गरजेपेक्षा जास्त मागतो. उपाय म्हणजे पुढच्या टप्प्याची ऑर्डर पाहून नव्हे, शेवटच्या गिऱ्हाईकाची प्रत्यक्ष विक्री पाहून नियोजन करणं. त्यासाठी विक्रीचे आकडे एकमेकांना दाखवावे लागतात, आणि तेवढा विश्वास जमवणं हे गणितापेक्षा अवघड आहे.

शिल्लक मालाची किंमत कोणत्या दराने धरायची?

समजा १०० नग १० दराने घेतले, नंतर १०० नग १४ दराने. विकले १२०. उरले ८०. आधी आलेला आधी गेला असं धरलं तर शिल्लक १,१२० आणि विकलेल्या मालाची किंमत १,२८०. सरासरी दर १२ धरला तर शिल्लक ९६० आणि विकलेला १,४४०. शेवटी आलेला आधी गेला असं धरलं तर शिल्लक ८०० आणि विकलेला १,६००. माल तोच, विक्री तीच, नफा तीन वेगळे.

आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस २ मध्ये पहिल्या दोन पद्धती चालतात, तिसरी चालत नाही; अमेरिकेच्या मानकात तिसरीलाही परवानगी आहे. शिवाय आयएएस २ नुसार खरेदीची किंमत आणि विकून प्रत्यक्ष पदरात पडेल ती रक्कम, यांतली जी कमी तीच धरायची. म्हणजे जुना झालेला माल मूळ किमतीत दाखवत राहता येत नाही. पद्धत निवडली की दरवर्षी तीच ठेवा.

हिशोबात ‘आधी आलेला आधी गेला’ धरतो. रॅकवरूनही तसाच जातो ना?

आपोआप नाही. नवा माल पुढे लावणं सोपं, म्हणून जुना मागे दडपला जातो. मागून भरता आणि पुढून काढता येणारे रॅक असतील तर उत्तम, नसतील तर प्रत्येक खोक्यावर आवकची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. औषधं, रसायनं, रंग यांना मुदत असते; तिथे ज्याची मुदत आधी संपते तो आधी काढायचा. नंतर आलेल्या बॅचची मुदत आधी संपणारी असू शकते, म्हणून बॅच नंबर आणि मुदत या दोन नोंदी आवकच्या वेळीच घ्या. एखादी बॅच सदोष निघून परत मागवायची वेळ आली तर ती कुणाकुणाकडे गेली हे त्या नोंदीवरूनच सांगता येतं.

बारकोड लावला की नोंदी आपोआप बरोबर होतात का?

टंकताना होणाऱ्या चुका जवळपास संपतात, हे खरं. दुकानात विकलेल्या वस्तूवरचा बारकोड पहिल्यांदा २६ जून १९७४ रोजी ओहायोतल्या ट्रॉय इथे वाचला गेला. ती च्युइंगमची पाकिटं होती. आज सर्रास दिसणाऱ्या १३ अंकी क्रमांकात शेवटचा अंक तपासणीचा असतो. पहिले १२ अंक १२३४५६७८९०१२ असतील तर विषम स्थानांची बेरीज २६, सम स्थानांची २२ गुणिले ३ म्हणजे ६६, एकूण ९२. पुढचं दशक १०० गाठायला ८ हवेत, म्हणून शेवटचा अंक ८. कोणताही एक अंक चुकला तर ही बेरीज जुळत नाही आणि यंत्र तो क्रमांक नाकारतं.

पण यंत्र एवढंच सांगतं की क्रमांक बरोबर वाचला. तो क्रमांक योग्य खोक्यावर चिकटवला होता का, खोक्यात १२ नग आहेत का, स्कॅन न करता कुणी काही उचललं का, हे ते सांगू शकत नाही. रेडिओ टॅग, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचता येणाऱ्या चिपच्या पट्ट्या, दुरून आणि एकदम अनेक वाचता येतात, कपड्यांसारख्या मालाची मोजणी त्याने फार जलद होते. धातू आणि पातळ पदार्थांजवळ मात्र ते नीट वाचले जात नाहीत, तेव्हा आपल्याच मालावर चाचणी घेतल्याशिवाय खरेदी करू नका.

वही, स्प्रेडशीट की सॉफ्टवेअर?

शे-दोनशे वस्तू, एक जागा, एक माणूस: वही आणि रॅकवर लटकवलेलं बिन कार्डही (त्या वस्तूची आवक-जावक लिहायचं कार्ड) पुरेसं आहे. वस्तू वाढल्या की स्प्रेडशीट. एकाच वेळी दोघांनी नोंद करायची वेळ आली, किंवा दुसरं गोदाम आलं, की स्प्रेडशीट तुटते. कुणाची तरी नोंद पुसली जाते आणि कुणी पुसली ते कळत नाही. तेव्हा सॉफ्टवेअर घ्या. निवडताना एक गोष्ट आवर्जून पाहा: नोंद पुसता येते की फक्त उलट नोंद करून दुरुस्त करता येते? दुसऱ्या प्रकारचं घ्या, म्हणजे प्रत्येक बदलाचा माग राहतो.

सॉफ्टवेअर सुरू करण्याआधी वस्तूंची यादी साफ करा. एकच वस्तू तीन नावांनी नोंदलेली असेल तर तिचा साठा तीन तुकड्यांत विखुरतो आणि तिन्ही तुकड्यांची वेगवेगळी ऑर्डर निघते.

शिल्लक उणे दिसते आहे. हे कसं शक्य आहे?

रॅकवर उणे ३ नग असू शकत नाहीत, म्हणजे एखादी नोंद चुकली किंवा मागे राहिली. बहुधा आवक नोंदवण्याआधी विक्री नोंदवली गेली, किंवा चुकीच्या कोडवर विक्री पडली. नुसता आकडा शून्य करून पुढे जाऊ नका. उणे शिल्लक हा फार चांगला इशारा आहे, कारण तो चूक कुठे शोधायची ती वस्तू नेमकी दाखवतो. त्याच दिवशी शोधा.

वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या मालाचं काय करायचं?

आधी तो वेगळा काढा. शेवटचा नग कधी गेला, त्या तारखेप्रमाणे यादी लावा. मग पुरवठादाराला परत देता येतो का पाहा, दुसऱ्या शाखेत खपतो का पाहा, सुटे भाग काढता येतात का पाहा, सवलतीत विका, आणि काहीच जमलं नाही तर रीतसर निर्लेखित करा, म्हणजे हिशोबातून त्याची किंमत काढून टाका. ‘एवढे पैसे घातलेत, कधीतरी खपेल’ हा विचार मला समजतो, पण ते पैसे गेलेले आहेत. ठरवायचं एवढंच की यापुढे त्यावर जागा आणि व्याज घालवायचं का.

दर महिन्याला कोणते आकडे पाहावेत?

उलाढाल: वर्षात विकलेल्या मालाची खरेदी किंमत भागिले सरासरी साठा. ६,००,००० भागिले १,००,००० म्हणजे ६, म्हणजे माल साधारण ६१ दिवस पडून राहतो. हा आकडा गटवार काढा, एकूण सरासरी फसवते. दुसरा, मागितलेल्या मालापैकी किती ताबडतोब देता आला. तिसरा, मोजलेल्या वस्तूंपैकी किती नोंदीशी जुळल्या. तिसरा आकडा खाली असेल तर पहिल्या दोनांवर विसंबू नका.

नोंद करायची जबाबदारी कोणाची?

जो माल हाताळतो त्याची, आणि हाताळतो त्याच क्षणी. कार्यालयातल्या माणसाने संध्याकाळी चिठ्ठ्या गोळा करून नोंदी करायच्या, ही पद्धत दिसायला नीटनेटकी असते आणि तिच्यातच चिठ्ठ्या हरवतात. मात्र मोजणी आणि आकडा दुरुस्त करण्याचा अधिकार त्याच माणसाकडे ठेवू नका. हा अविश्वास नाही. उलट काही कमी-जास्त निघालं तर त्याच्यावर आळ येऊ नये म्हणून ही सोय आहे, आणि त्याला ती तशीच समजावून सांगा.

सुरुवात कुठून करू? सगळंच विस्कटलेलं आहे.

अ गटातल्या दहा वस्तू घ्या. आज मोजा, नोंदीशी ताडून पाहा, फरक लिहून ठेवा, पण अजून काही बदलू नका. पुढचे तीन आठवडे त्याच दहा वस्तू रोज मोजा आणि रोजची आवक-जावक जुळवा. कुठल्या दिवशी, कुठल्या हातून, कुठल्या दारातून फरक शिरतो ते या दहा वस्तूच दाखवतील. ते दार बंद केल्यावर अकरावी वस्तू घ्या.